मधली सुट्टी

मार्च २०२१ चा शेवटचा मंगळवार मला अजून लख्ख आठवतो. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि माझा धाकटा भाऊ जमिनीवर गादी टाकून, लॅपटॉप उशीला टेकवून बसलो होतो. बाहेर दुसरी लाट चढत होती. अंधार पडला की रस्ता ओस पडायचा आणि मग रात्रभर रुग्णवाहिकांचे आवाज. कोणता वार आहे याचं भान राहिलं नव्हतं. मंगळवार तेवढा ओळखू यायचा, कारण त्या दिवशी ‘तेन्सुरा’ या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, नवा भाग यायचा.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सदतीस वर्षांचा एक साधा नोकरदार टोकियोच्या रस्त्यावर भोसकला जाऊन मरतो आणि दुसऱ्याच जगात निळ्या लिबलिबीत गोळ्याच्या, म्हणजे स्लाइमच्या रूपानं जन्माला येतो. त्याला रिमुरू हे नाव मिळतं. गॉब्लिन, ओगर, ऑर्क अशा एकमेकांच्या वैरी असलेल्या राक्षस जमातींना एकत्र आणून तो टेम्पेस्ट नावाचं गाव वसवतो. त्या हिवाळ्यात गोष्ट फार काळी झाली होती. शेजारच्या राज्यातून आलेल्या माणसांनी टेम्पेस्टवर हल्ला केला. रिमुरूची सेक्रेटरी शिऑन मारली गेली. जिच्या भयंकर स्वयंपाकावर आम्ही दीड सीझन हसलो होतो, ती शिऑन. तिच्यासोबत गावातले कितीतरी जण गेले. आणि कधी कुणावर चिडून हात न उगारणारा रिमुरू हजारोंच्या फौजेवर चालून गेला.

पुढच्या मंगळवारी, ६ एप्रिलला, आम्ही पुन्हा गादी टाकली. पडद्यावर रिमुरू मांडी घालून वही लिहीत बसला होता. गावात शेतीची कामं चालली होती. शिऑन होती, हसत होती, कुणाला तरी काहीतरी खाऊ घालायला बघत होती. भाऊ उठून बसला. ‘‘हे काय? आपली गोष्ट कुठे गेली?’’

ती होती ‘तेन्सुरा निक्की’. निक्की म्हणजे रोजनिशी. मूळ मालिकेच्या दुसऱ्या सीझनचे दोन तुकडे केले होते आणि मधल्या तीन महिन्यांत, त्याच स्टुडिओनं, हा बारा भागांचा हलकाफुलका जोडधंदा लावला होता. शिबा या चित्रकारानं काढलेल्या विनोदी मंगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, तो घेतलेला. लढाई नाही, कारस्थान नाही. पाऊस, शेत, सण, बर्फ. भावाला पहिले दोन आठवडे रागच येत होता. मलाही वाटलं की कुणीतरी ऐन रंगात आलेल्या नाटकाचा पडदा पाडून मध्ये चहा विकायला सुरुवात केली आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून मात्र आम्ही दोघंही त्या मंगळवाराची वाट बघायला लागलो. त्या महिन्यात आम्हाला जी गोष्ट हवी होती ती हीच होती, हे आम्हाला आधी कळलं नव्हतं. उन्हाळ्याच्या भागात टेम्पेस्टमध्ये बॉनचा नाच होतो. जपानमध्ये बॉनच्या दिवसांत घरातले गेलेले लोक परत येतात अशी श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी दिवे लावतात, गावचे लोक गोलात फेर धरून नाचतात. टेम्पेस्टमधल्या ओगरांचं आख्खं गाव मूळ मालिकेत कापलं गेलेलं असतं. त्यांना नाचताना बघून भाऊ एवढंच म्हणाला, ‘‘ताई, हे विनोदी नाहीये.’’ विनोदी होतंच ते, पण तो बरोबर बोलत होता.

तेव्हापासून या प्रकाराबद्दल मी खूप विचार केला आहे. मोठ्या, रक्तबंबाळ, जगबुडीच्या ॲनिमे मालिकांना जोडून जी विनोदी पिल्लं जन्माला येतात त्यांच्याबद्दल. बहुतेक जण ती बघत नाहीत. बघितली तरी ‘फिलर’, म्हणजे नुसता भराव, म्हणून सोडून देतात. मला ती मूळ मालिकांइतकीच मोलाची वाटतात, काही बाबतींत जास्तच.

जपानीत यासाठी जुना घरगुती शब्द आहे, ओमाके. भाजीवाली पिशवीत वरून चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकते ना, ते ओमाके. १९२२ मध्ये ओसाकात ग्लिको कंपनीचं कॅरमेल विकायला आलं. त्याच दशकात त्याच्या डबीसोबत छोटं खेळणं मिळायला लागलं आणि ‘ग्लिकोचं ओमाके’ हा जपानी बालपणाचा भाग होऊन बसला. गोळी चघळून संपायची, खेळणं खिशात राहायचं. मंगाच्या खंडांत हे ओमाके शेवटच्या कोऱ्या पानांवर आलं. मासिकातली प्रकरणं एकत्र छापताना पानं उरत, आणि चित्रकार तिथे आपल्याच पात्रांची टिंगल करत. पुढे ॲनिमेच्या डिस्क विकायच्या झाल्या. एका डिस्कवर दोन-तीन भाग आणि किंमत हजारो येन. टीव्हीवर फुकट दिसलेली गोष्ट माणसानं परत विकत का घ्यावी? म्हणून सोबत पाच मिनिटांची गमतीची फिल्म. कारण धंद्याचंच होतं, यात शंका नाही. पण ग्लिकोच्या खेळण्यासारखंच इथेही झालं. लोकांनी ओमाके जपून ठेवलं.

यातली पात्रं बहुधा ‘चिबी’ असतात. चिबी म्हणजे बुटकं, ठेंगू. मूळ मालिकेतला योद्धा सात डोक्यांच्या उंचीचा असेल तर चिबी रूपात तो दोन किंवा अडीच डोक्यांचा होतो. डोकं भोपळ्याएवढं, हातपाय बोटभर. हालचाल कमी, रेषा कमी, त्यामुळे खर्चही कमी. पण या ठेंगण्या शरीराचा एक गुण माझ्या फार उशिरा लक्षात आला. त्याला जखम होत नाही. त्याला मारलं तर टेंगूळ येतं, पुढच्या चौकटीत तेही गेलेलं असतं. ज्या शरीराचे मूळ गोष्टीत तुकडे झालेले आपण पाहिले आहेत, ते इथे इतकं गोल आणि मऊ असतं की तलवार त्यावर चालणारच नाही.

आणि आवाज तोच असतो. हे फार महत्त्वाचं आहे. चित्र बदलतं, पण संवाद म्हणणारे कलाकार तेच. ज्या आवाजानं मरताना शेवटचं वाक्य म्हटलेलं असतं, तोच आवाज इथे पोळी करपली म्हणून ओरडतो.

हिरोमु अराकावा या होक्काइदोच्या डेअरी फार्मवर वाढलेल्या चित्रकर्तीनं २००१ ते २०१० अशी नऊ वर्षं ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ काढली. सत्तावीस खंड. आई गमावलेले दोन भाऊ तिला परत आणायला जातात आणि एकाचं शरीर, दुसऱ्याचा हात-पाय त्यात जातो, तिथून सुरू होणारी गोष्ट. चौथ्या खंडात मेस ह्यूज मरतो. हा माणूस येताजाता लोकांना आपल्या लहान मुलीचे फोटो दाखवायचा. त्याच्या दफनविधीचं प्रकरण मी कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. अराकावाच्या खंडांत शेवटी एक जागा असते. त्या खंडात जे जे मेले ते सगळे तिथे डोक्यावर देवदूताची कडी घेऊन आकाशाकडे तरंगत जाताना दिसतात. नायक असो, खलनायक असो, कुणी किरकोळ असो. छोटी चित्रं, पटकन काढलेली, थट्टेची. स्वतःला चष्मा घातलेली गाय म्हणून काढणारी ही बाई मेलेल्यांना निरोप न देता एकही खंड बंद करत नव्हती. मला ते वाचकाला दिलेलं वचन वाटतं. मी यांना मारलं, पण टाकून दिलं नाही.

‘किमेत्सु नो याइबा’चं तर सगळ्यांना माहीत आहे. कोयोहारु गोतोगे यांची ही मंगा २०१६ ते २०२० चालली. तैशो काळातला, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा जपान. कोळसा विकायला गेलेला तान्जिरो घरी परततो तर आई आणि भावंडं रक्ताच्या थारोळ्यात मरून पडलेली. जिवंत उरलेली एकच बहीण, नेझुको, तीही राक्षसीण झालेली. कुणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूचा तुकडा. याच लेखकानं खंडांच्या उरलेल्या पानांवर एक शाळा काढली, ‘किमेत्सु गाकुएन’. आजचा काळ, आजचं शहर. कामादो कुटुंबाची बेकरी आहे. आई आहे, भावंडं आहेत. नेझुकोच्या तोंडात बांबूऐवजी पावाची लांबडी कांडी असते, कारण तिला सकाळी उठायला उशीर होतो आणि ती खात खात शाळेला पळते. राक्षस मारणारे बरेच महारथी इथे शिक्षक आहेत. गियू पीटीचा, सानेमी गणिताचा, उझुई चित्रकलेचा. रेंगोकू इतिहास शिकवतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये ‘मुगेन ट्रेन’ चित्रपट आला आणि रेंगोकू त्यात पहाटेच्या उजेडात मेला. चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, व्हॅलेंटाइनच्या निमित्तानं या शाळेचे छोटे भाग आले. चॉकलेट कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, एवढीच त्यांची गोष्ट. कुणी म्हणेल की हा चाहत्यांच्या अश्रूंवर केलेला धंदा आहे. मला पटत नाही. बांबूच्या जागी पाव ठेवण्याची कल्पना ज्याला सुचते त्यानं त्या मुलीकडे नीट पाहिलेलं असतं. तिच्या आयुष्यातली सगळ्यात क्रूर वस्तू त्यानं उचलली आणि आकार तोच ठेवून तिची न्याहारी केली.

‘अटॅक ऑन टायटन’मध्येही हेच. मूळ गोष्टीची सुरुवात म्हणजे एका मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला राक्षस खातो. साकी नाकागावा हिनं काढलेल्या ‘ज्युनियर हाय’ या विनोदी मंगात एरेन टायटनांचा तितकाच द्वेष करतो, पण कारण हे की त्यांनी त्याचा डबा पळवला. त्यात चीज घातलेला हॅम्बर्ग, म्हणजे खिम्याची टिक्की, होता. या जगातले टायटन माणसं खात नाहीत, डबे खातात. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसले, आणि मग अंगावर काटा आला. डबा आईच करते ना. आईचं जाणं आणि डब्याचं जाणं यांच्यात जे अंतर आहे त्यावर तो सगळा विनोद उभा आहे.

२०१५ मध्ये त्यावरून बारा भागांचं ॲनिमे झालं आणि ते मला थोडं पातळ वाटलं, हेही सांगते. डब्याचा विनोद चार चौकटींचा आहे. जपानी चार चौकटींच्या व्यंगचित्राला योनकोमा म्हणतात. त्याची चाल ठरलेली असते: पहिल्या चौकटीत गोष्ट मांडायची, दुसरीत पुढे न्यायची, तिसरीत गर्रकन वळवायची, चौथीत टेकवायची. चिनी कवितेतून आलेली ही रचना आहे. ओमाकेचा जीव या चार चौकटींत मावतो. बारा भागांत ताणलं की तिसरी चौकट परत परत येते आणि वळणावर दचकायला होत नाही. ‘फुलमेटल’च्या डिस्कसोबत आलेलं चार चौकटींचं छोटं थिएटर म्हणूनच मला जास्त आवडतं. एक टोला, आणि संपलं.

‘नारुतो’ या निंजांच्या मालिकेतल्या रॉक लीला मात्र लांबी सोसली. ली हा निंजांच्या गावातला असा मुलगा की ज्याला निंजांची जादू येतच नाही. हातपाय आणि मेहनत एवढंच भांडवल. केन्जी तायरानं त्याच्यावर विनोदी मंगा काढली आणि एप्रिल २०१२ ते मार्च २०१३ असे एकावन्न भाग टीव्हीवर आले. त्यात लीचा जोडीदार नेजी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या फजितीत सापडायचा. आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये, मूळ मंगाच्या साप्ताहिक प्रकरणात, नेजी मेला. दुकानात साप्ताहिक उघडावं तर नेजी रणांगणावर मित्राच्या खांद्यावर मान टाकलेला, आणि टीव्ही लावावा तर नेजी चिबी होऊन ओरडत पळतो आहे. त्या डिसेंबरात मी शाळेत होते आणि मला दोन्ही गोष्टी इंटरनेटवर एकाच आठवड्यात दिसल्या. कुठला नेजी खरा, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. तेव्हा उत्तर आलं नव्हतं.

इथे मला माझ्या मामाबद्दल लिहायचं आहे.

आमचं आजोळ कुडाळ तालुक्यातलं. मामा शेती करायचा आणि कार्तिक सरला, जत्रा सुरू झाल्या की दशावतारात उभा राहायचा. तिकडे त्याला धयकालो म्हणतात. देवळापुढच्या मांडावर रात्री उशिरा नाटक सुरू होतं. लिहिलेली संहिता नसते, कलाकार संवाद जागच्या जागी रचतात, पेटी आणि मृदंग साथीला. मुख्य आख्यानाच्या आधी आडदशावतार असतो. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते. आणि मग संकासूर येतो. वेद चोरणारा राक्षस, ज्याला मारायला विष्णूला अवतार घ्यावा लागला. अंगभर काळं, तोंडावर काळं टोपडं, त्याला पांढरे डोळे आणि बाहेर लोंबणारी लांब लाल जीभ. तो मालवणीत बोलतो आणि सगळा गाव हसतो. लहान मुलं आधी आईच्या पदरात तोंड खुपसतात आणि मग एका डोळ्यानं बघत हसतात. मामा पंचवीस वर्षं संकासूर होता.

जानेवारी २०२० मध्ये तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पुण्याला आला. आदल्या संध्याकाळी भाऊ ‘इसेकाई क्वार्टेट’चा दुसरा सीझन लावून बसला होता. दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या माणसांच्या चार वेगवेगळ्या मालिका, ‘ओव्हरलॉर्ड’, ‘कोनोसुबा’, ‘रीझीरो’ आणि ‘तान्या’, यांतली पात्रं कुठलं तरी बटण दाबलं जातं आणि थेट एका शाळेच्या वर्गात येऊन पडतात. दुसऱ्या सीझनमध्ये ‘शिल्ड हिरो’चीही मंडळी येतात. मिनोरू आशिनाचं हे काम. या माणसानं आधी ‘ओव्हरलॉर्ड’, ‘रीझीरो’ आणि ‘तान्या’ या तिन्हींची छोटी विनोदी पिल्लं वेगवेगळी केली होती. त्यातल्या ‘रीझीरो’च्या पिल्लाचं नावच मुळी ‘ब्रेक टाइम’, मधली सुट्टी. मग त्यानं सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं.

पडद्यावर आइन्झ होता. ‘ओव्हरलॉर्ड’चा अधिपती, नुसत्या हाडांचा सापळा, डोळ्यांच्या खोबणीत लाल ठिणग्या, ज्याच्या नावानं राज्यं थरथरतात. तो शाळेच्या बाकावर अवघडून बसला होता. त्या सापळ्याच्या आत खरं तर एक एकटा जपानी नोकरदार आहे. एक खेळ संपत आला असताना तो त्यातच अडकला. आपण कोण आहोत हे आपल्याच सेवकांना कळू नये म्हणून तो सतत धास्तावलेला असतो. मूळ मालिकेत ती धास्ती त्याला गिळून टाकावी लागते. या वर्गात मात्र त्याच्या शेजारी त्याच्याच देशातून हरवलेली आणखी माणसं बसलेली आहेत.

मामानं चष्मा कपाळावर घेतला, स्क्रीनच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, ‘‘अगो, हो तर आमचो संकासूर!’’

मी त्याला सगळं समजावून सांगायला लागले. मूळ गोष्टीत हा किती भयंकर आहे, याच्या हातून किती माणसं मेली आहेत. त्यानं ऐकून घेतलं. मग त्यानं मला सांगितलं की संकासूरही भयंकरच आहे, आणि म्हणूनच त्याला आधी हसून घ्यायचं. एकदा हसलेल्या राक्षसाला मरताना बघायला माणसं जागी राहतात. आता मंडळींना घाई असते, आख्यान लवकर लावा म्हणतात आणि आडदशावतार आटपता घेतात, हे सांगताना त्याचा आवाज उतरला. नाटकाला रात्र तीच, पण संकासुराला द्यायला वेळ नाही.

पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की जपानलाही हे फार जुनं ठाऊक आहे. त्यांचं नो हे नाट्य अतिशय गंभीर, संथ. भुतं, सूड, शोक. त्याच मंचावर, त्याच दिवशी, दोन नो प्रयोगांच्या मध्ये क्योगेन होतं. क्योगेन म्हणजे हास्यनाट्य. एका क्योगेनमध्ये होराई बेटावरून राक्षस येतो, एका बाईच्या प्रेमात पडतो, ती नाही म्हणाली म्हणून भोकाड पसरतो, आपली जादूची टोपी आणि अंगरखा तिला देऊन टाकतो आणि शेवटी ती दाणे फेकून त्याला हाकलून देते. शिवाय नोच्या आतच, मुख्य नट वेश बदलायला आत गेला की क्योगेनचा नट गावकरी होऊन बाहेर येतो आणि आतापर्यंत काय झालं ते साध्या भाषेत सांगतो. ‘किमेत्सु’च्या पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी पात्रं ‘तैशो काळातली कानगोष्ट’ सांगायची. नेमकं तेच काम. काळजावरचा दगड थोडा हलवायचा आणि प्रेक्षकाला घरी सोडायचं.

मामा मे २०२१ मध्ये गेला. ‘तेन्सुरा निक्की’चे सहा-सात भाग झाले होते. आम्ही गावाला जाऊ शकलो नाही. अंत्यविधीला चार माणसं होती. आईनं फोनवर ऐकलं आणि फोन ओट्यावर ठेवून ती कणीक मळत राहिली. त्या मंगळवारी मी लॅपटॉप उघडणार नव्हते. भावानं उघडला. काहीच न बोलता आम्ही तो भाग पाहिला. शिऑन काहीतरी शिजवत होती, आणि सगळे ते खायचं टाळत होते. जुलैमध्ये मूळ गोष्ट पुन्हा सुरू झाली तेव्हा, खरं सांगायचं तर, माझं मन त्या बारा भागांतून निघायला तयार नव्हतं.

नेजीचं उत्तर मला त्या उन्हाळ्यात मिळालं असं वाटतं. दोन्ही नेजी खरे. माणूस गेल्यावर त्याचा शेवटचा दिवस सगळ्या दिवसांवर पसरतो. ऑक्सिजनची पातळी, फोन, खाटा, एवढंच आठवत राहतं. त्याच्या हजारो साध्या दिवसांना जागाच उरत नाही. या विनोदी मालिका ती जागा मोकळी करतात. तिथे कुणी महान होत नाही, कुणी जग वाचवत नाही. डबा खातात, उशिरा पोचतात, बाकावरून ढकलाढकली करतात. ‘फेट’ मालिकेतले योद्धे मुळात एकमेकांना ठार मारायलाच बोलावलेले असतात. २०१८ च्या ‘एमियांच्या घरचा आजचा बेत’ या मालिकेत तेच एका घरात जेवायला येतात. भाला चालवणारा लान्सर मासळीच्या दुकानात काम करतो. पहिल्याच भागात वर्षअखेरच्या रात्री खायचे सोबा नूडल्स होतात, तेही अगदी कृतीसकट. मी ते करूनही पाहिले आहेत, आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या नूडल्सचे.

‘अटॅक ऑन टायटन’चा मूळ चित्रकार इसायामा, त्यानं तर शेवटी फारच मोठं काम केलं. मंगाच्या खंडांच्या मागे तो पुढच्या खंडाच्या खोट्या जाहिराती काढायचा. त्यातूनच एक आजची शाळा तयार झाली, तिथे एरेन, मिकासा, आर्मिन साधी मुलं. बारा वर्षांची ती मंगा एप्रिल २०२१ मध्ये संपली, आणि ३४ व्या, शेवटच्या खंडाच्या अगदी मागच्या पानांवर ही शाळकरी मुलं सिनेमागृहातून बाहेर पडताना दिसली. ती जो सिनेमा बघून आली होती तो म्हणजे त्यांचीच गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेवटचे भाग एकत्र करून चित्रपट आला, तेव्हा श्रेयनामावलीनंतर हाच प्रसंग हलत्या चित्रांत दाखवला. लाखो माणसं मेलेल्या गोष्टीचा अगदी शेवटचा क्षण, तीन मित्र रस्त्यानं चालत सिनेमाबद्दल बोलत आहेत. तो मुळात एका उरलेल्या पानावरचा विनोद होता. मी ते दृश्य बघताना भावाचा हात धरला होता.

भाऊ चित्रं बरी काढतो. मामाच्या वर्षश्राद्धाला आम्ही गावी गेलो तेव्हा त्यानं जाताना एसटीत, वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीनं चार चौकटी आखल्या. पहिलीत मांड आणि पेट्रोमॅक्स. दुसरीत दोन डोक्यांच्या उंचीचा संकासूर, काळं टोपडं, गोल पोट, पुढे पोरांची रांग. तिसरीत विष्णू चक्र घेऊन येतो आणि संकासूर त्याला पानसुपारी विचारतो. चौथीत अराकावाच्या चित्रांसारखी डोक्यावर कडी, आणि संकासूर चांदण्यांत वर वर चालला आहे, एका हातानं टोपडं धरून.

दाखवावं की नाही, हे आम्हाला कुडाळ येईपर्यंत ठरवता आलं नाही. दुपारी पानं उठल्यावर त्यानं वही मामीच्या पुढे ठेवली. ती खळ्यात बसली होती. तिनं वही उन्हात धरली, चारही चौकटींवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या चौकटीवर थांबली. बराच वेळ.

‘‘जीभ आखूड काढलस रे,’’ ती म्हणाली. ‘‘तेंची हातभर होती.’’

आणि तिनं भावाकडे पेन्सिल मागितली.